डोंगरातलं तळं, एका दिवसात जाऊन-येऊन: किती वाजता निघावं, पोहता येईल का?

नवखा_भटक्या:
उन्हाळ्यात तळ्यावर जाऊन त्याच दिवशी परतायचं आहे. वाट २,३०० मीटरवर सुरू होते, तळं ३,००० वर. एका बाजूने ७ किमी. बरोबर ९ वर्षांची मुलगी. दहाला निघालं तर चालेल? माणशी लिटरभर पाणी पुरेल? आणि पोहायचं काय?

पायवाट:
दहा म्हणजे फारच उशीर. नेस्मिथचा नियम लावा: ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. तुमचे झाले २ तास ३५ मिनिटं, तेही न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचे. मुलगी आहे म्हणून दीडपट धरा. दहाला निघून दोनच्या सुमारास पोचाल, म्हणजे ऐन ढग दाटायच्या वेळी. उन्हाने तापलेली हवा उतारावरून वर चढते, त्यामुळे डोंगरात दुपारीच गडगडाट होतो, आणि तळ्याच्या काठावर आडोसा नसतो. सहाला निघा, बाराला परत फिरा. तळं समोर दिसत असलं तरी बारा म्हणजे बारा! वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर काठ सोडून खाली उतरा, एकट्यादुकट्या झाडाखाली थांबू नका.

वाटेत बर्फाच्या पाण्याचा ओढा ओलांडायचा असेल तर आणखी एक गोष्ट. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी बर्फ वितळून गुडघ्यापर्यंत येऊ शकतं.

गाळणी:
लिटरभर कमी पडेल, मोठ्यांना निदान दोन हवं. तळ्यातलं भरणार असाल तर क्लोरीनच्या गोळीला अर्धा तास द्या, बर्फगार पाण्याला त्याहून जास्त. क्रिप्टोस्पोरिडियम (पाण्यातून पोटात जाऊन जुलाब लावणारा सूक्ष्म परजीवी) मात्र या गोळीला दाद देत नाही. त्यासाठी १ मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक फिल्टर, नाहीतर उकळणं. त्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून खळखळून ३ मिनिटं.

टोपी विसरू नका. हवा गार असते म्हणून ऊन जाणवत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात.

थंडपाणी:
पोहायचं तर उडी अजिबात नको. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक शिरलं की आपोआप धाप लागते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पहिल्याच श्वासात पाणी छातीत जातं. हळूहळू चालत उतरा, कमरेएवढ्या पाण्यात थांबा, श्वास ताब्यात येऊ द्या. दहाएक मिनिटांत हातपाय ढिले पडतात. चांगले पोहणारेही इथेच फसतात. मुलीला पाय भिजवू द्या, बस्स.

नवखा_भटक्या:
सहाचं नक्की. पण काठाचं पाणी कोमट लागलं तर?

थंडपाणी:
त्यावर जाऊ नका. ऊन वरचाच थर तापवतं. हातभर खाली, किंवा ओढा मिळतो तिथे, एकदम गार लागू शकतं. बाहेर आल्यावरही शरीर काही वेळ आतून गार होतच राहतं, म्हणून आधी ओले कपडे बदला, चहा नंतर.