मदत हवी आहे: स्टॅनले कपच्या अंतिम मालिकेचा अंदाज कशावरून बांधावा?

४ जून २०२५ पासून सुरू होणाऱ्या एडमंटन ऑइलर्स विरुद्ध फ्लोरिडा पँथर्स या स्टॅनले कपच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील एनएचएल या आइस हॉकी लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेचा (सातपैकी चार सामने आधी जिंकणारा संघ विजेता) अंदाज मला कार्यालयातील स्पर्धेसाठी कारणांसह लिहून द्यायचा आहे, म्हणून आइस हॉकीच्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

गेल्या वर्षी याच दोन संघांत फ्लोरिडाने पहिले तीन सामने जिंकले, एडमंटनने पुढचे तीन जिंकून बरोबरी साधली आणि सातवा सामना फ्लोरिडाने २-१ असा खिशात घातला. तरीही प्लेऑफमधील (साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांमधील) सर्वोत्तम खेळाडूचा मान पराभूत संघाच्या कॉनर मॅकडेव्हिडला मिळाला, यातच सारे आले. यंदा पहिला, दुसरा आणि गरज पडल्यास पाचवा व सातवा सामना एडमंटनला होईल. मात्र एडमंटनचा आघाडीपटू झॅक हायमन जायबंदी आहे.

माझे घोडे अडते ते गोलरक्षकांपाशी. एडमंटनचा गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर याला पहिल्या फेरीत बाहेर बसवले होते, पण त्याच्या जागी खेळणारा कॅल्विन पिकार्ड जखमी झाल्यावर परतलेल्या याच स्किनरने व्हेगासविरुद्ध सलग दोन सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. समोर फ्लोरिडाच्या सर्गेई बोब्रोव्हस्कीसारखा मुरलेला गोलरक्षक असताना अशा ताज्या कामगिरीला किती वजन द्यावे? घरच्या मैदानाचा फायदा त्याहून मोठा धरावा का? तूर्त माझा कल फ्लोरिडाकडे आहे. तो चुकत असल्यास कृपया कारणासह सांगावे.