साडेचारशेच्या आत आहात? मग फॉर्मच भरू नका म्हणे!

तिरकसतारा

परवा या फोरमवर 'रोखठोक' यांनी लिहिलं की यंदा (२०२५) नीटला ४५० च्या आत गुण असतील तर एमबीबीएसचा प्रेफरन्स फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीची यादी, भरणं म्हणजे "कॉम्प्युटरशी लॉटरी खेळणं". पोराला एकतर रिपीटला बसवा, नाहीतर गपचूप बीएएमएस-बीएचएमएसला टाका, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीला. खाली लोकांनी "अगदी बरोबर सर"ची रांग लावली. दोन दिवस गप्प बसले, आज नाही राहवत.

सर, गुण कुठल्या वर्षीचे ते तरी बघा. २०२४ ला साडेसहाशे पडूनही ऑल इंडिया कोट्यात खुल्या गटाची सरकारी जागा हुकलेली मुलं होती. २०२५ ला फिजिक्सने असा घाम काढला की देशात पहिला आलेल्याला ६८६. माझ्या लेकीला गेल्या वर्षी ५७० च्या घरात होते, यंदाच्या मापाने ते साडेचारशेच्या आसपासच. तेव्हाही एका क्लासवाल्यांनी आम्हाला "काही होणार नाही" म्हणून चहासुद्धा न पाजता परत पाठवलं होतं.

यादी आम्ही घरीच केली. आदल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीच्या कटऑफची प्रिंट आणि तीन हायलायटर. रँकमध्ये बसतंय ते हिरवं, थोडक्यात हुकतंय ते पिवळं, रँकमध्ये बसतंय पण खिशात बसत नाही ते गुलाबी. गुलाबी हायलायटर आधी संपला, यावरून काय ते समजा. मग सगळी पिवळी वर चढवली. कारण सॉफ्टवेअर मेरिटने एकेकाला घेतं आणि त्याची यादी वरून खाली वाचतं. वर केईएम टाकलं म्हणून खालचं धाराशिव हातचं जात नाही. लेकीला तिसऱ्या फेरीत मिळालं, ३४ व्या पर्यायावर.

रोखठोक

ताई, अभिनंदन. ज्यांना मिळालं नाही ते असे धागे काढत नाहीत, एवढंच नम्रपणे सुचवतो.

यंदा २२ लाखांवर मुलं बसली, १२ लाखांवर 'पात्र' झाली. देशात जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातही सरकारी निम्म्याच्या आगेमागे. या 'पात्र' शब्दाने पालकांचं वाटोळं केलंय. खुल्या गटाला ७२० पैकी १४४ ला पात्र! बाप पेढे वाटतो आणि दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन येतो, जॉर्जियाला जा, किर्गिझस्तानला जा. तिकडे ५४ महिने शिका, तिथेच वर्षभर इंटर्नशिप करा, परत आल्यावर ३०० पैकी १५० मिळवून एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्यांची परीक्षा, पास व्हा, मग पुन्हा इथली इंटर्नशिप. माझ्या शेजारचा मुलगा २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधून नेसत्या कपड्यांनिशी परत आला. मी लोकांना घाबरवतो ते यासाठी.

हिशोबनीस

ताईंचं सॉफ्टवेअरचं गणित बरोबर आहे, पण अर्धंच. यादीच्या वरच्या टोकाला स्वप्नं फुकट असतात, खालच्या टोकाला नसतात. भाच्याने एमसीसीच्या (केंद्राच्या प्रवेश समितीच्या) फॉर्ममध्ये "असू देत" म्हणून दोन डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठांची कॉलेजं, शेवटी टाकली. डीम्डची अनामत २ लाख. दुसऱ्या फेरीत त्यातलंच एक लागलं. फी वर्षाला वीस लाखांच्या वर, वसतिगृह वेगळं. घेणं शक्यच नव्हतं. घेतलं नाही आणि अनामत बुडाली. बहिणीने एफडी मोडून भरली होती.

त्यामुळे जिथे खरंच पाऊल ठेवणार नाही, ते नाव यादीत घालूच नये.

तिरकसतारा

हे मान्य. गुलाबी रंग मी उगाच नव्हता वापरला.

पाटीवरचाडॉक्टर

मुद्दा बाजूला राहू दे. "गपचूप बीएएमएस-बीएचएमएसला टाका" म्हणजे काय हो रोखठोक? आम्ही काय भंगारचं दुकान आहोत, एमबीबीएसला न खपलेला माल टाकायला? मी बीएचएमएस. तालुक्यापासून १८ किलोमीटरवर २२ वर्षं दवाखाना चालवतोय. रात्री दोन वाजता साप चावलेला माणूस दुचाकीवर मधे बसवून आणतात, तेव्हा तुमचं केईएम कुठे असतं?

कॅज्युअल्टी

सर, आदर आहे. पण साप चावलेल्याला तुम्ही देता काय? एएसव्ही, सापाच्या विषावरचं इंजेक्शन ना? ते कुठल्या पॅथीचं औषध आहे? २०१४ ला कायदा बदलला, होमिओपॅथने एक वर्षाचा सीसीएमपी कोर्स केला की ॲलोपॅथीची औषधं लिहायची. आता वर मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणीही हवी. १८ सप्टेंबरला आम्ही संप केला तो याचसाठी. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, वर सरकारी सेवेच्या बॉण्डचं एक वर्ष, आणि ते चुकवलं तर १० लाख दंड. हे सगळं आम्ही कशाला करायचं मग?

पाटीवरचाडॉक्टर

बॉण्डचं वर्ष कोण किती दिवस कुठे हजर असतं ते आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कुलपाला विचारा. आणि एएसव्ही मी देत नाही. सलाइन लावतो, पाय हलू देत नाही, गाडी करून देतो, पुढच्या दवाखान्यात फोन करतो. त्या फोनवर तुमच्यासारखाच कुणीतरी "पाठवू नका, बेड नाही" म्हणतो.

कॅज्युअल्टी

बेड खरंच नसतो हो. एका खाटेवर दोन आणि खाली दोन. ३६ तासांच्या ड्युटीनंतर तो "नाही" म्हणणारा मीच असतो. गाडी करून देता हे चांगलं करता, एवढं म्हणतो. नोंदणीबद्दल मत बदलणार नाही.

अर्धाचहा

सॉरी, मध्येच बोलते. मला यंदा ४४१ आहेत. तिसऱ्या फेरीचे प्रेफरन्स उद्या बंद होतायत. किती कॉलेजं टाकू? डीम्ड टाकू का?

मांजराकाठ

मूळ दुखण्यावर कुणी बोलतच नाही. २०२० पर्यंत ७०:३० होतं. प्रत्येक विभागाच्या ७० टक्के जागा तिथल्याच मुलांना. कॉलेजं सगळी पश्चिमेकडे, मराठवाड्यात सरकारी मोजून चार, आणि आमच्या लातूरच्या पोरांनी रात्र रात्र घासून मिळवलेल्या गुणांना ३० टक्क्यांत ढकलायचे. तेव्हा 'वास्तववादी यादी' म्हणजे नशिबाची यादी होती. माझ्या धाकट्या भावाचं तेव्हा गेलं. त्याच्यापेक्षा ४० गुण कमी असलेला पुण्याचा मित्र आज एमडी करतोय.

वरणफळ

आणि रद्द झाल्यावर विदर्भातली आमची कॉलेजं कुणी भरली? लातूर पॅटर्ननेच ना?

मांजराकाठ

मेरिटवर भरली. मेरिट आवडत नसेल तर तसं सांगा.

वरणफळ

मेरिट नाही, क्लासची फी म्हणा. गडचिरोलीच्या पोराला लातूरला दोन वर्षं खोली घेऊन राहणं झेपतं का? आता २०२४ ला दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, गडचिरोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा आमच्याकडे, तर तिथेही बाहेरचेच पुढे.

हिशोबनीस

तुम्ही दोघं भांडा, पण हातातलं घालवणारे वेगळेच. साडूने मुलाला क्लाससाठी राजस्थानात कोटा शहरात नेलं, बारावीही तिकडूनच करवली. दहावी-बारावी महाराष्ट्रातून नाही म्हणून ८५ टक्के स्टेट कोट्याचं दारच बंद. उरला १५ टक्के ऑल इंडिया. गुण तुमच्या लेकीइतकेच होते ताई. आता मुलगा बीएस्सी करतोय आणि साडू आमच्याशी बोलत नाही, कारण मी तेव्हाच सांगितलं होतं.

तिरकसतारा

अहो, ती अर्धाचहा केव्हाची विचारतेय. साप, संप, सत्तर-तीस, साडू, सगळं झालं. तिला कुणी उत्तर देणार आहे का?

रोखठोक

मी देतो. बेटा, ४४१ सांगू नकोस. रँक सांग, स्टेट मेरिट नंबर सांग, प्रवर्ग सांग.

तिरकसतारा

म्हणजे शेवटी रँकच! पहिल्याच पोस्टमध्ये मी काय लिहिलं होतं?

रोखठोक

ताई, मुद्दा तुमचा, टायपिंग माझं. खूश?

अर्धाचहा

मेरिट नंबर इथे नाही टाकत, तुम्हाला मेसेज केलाय. ओबीसी, नॉन क्रीमी लेयर आहे, जातीची व्हॅलिडिटी आहे. बाबांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. ताईंसारखीच प्रिंट काढून रंगवलीय. खासगी जवळजवळ सगळी गुलाबी झाली, म्हणून यादीत फक्त अकरा उरलीत.

रोखठोक

थांब. खासगी गुलाबी का केलीस? २०२४ च्या निर्णयाने ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून लागलं पाहिजे. इन्स्टिट्यूट कोट्याला नाही, खासगी डीम्डला नाही. म्हणून डीम्ड टाकू नकोस. वसतिगृह, मेस, डेव्हलपमेंट फी माफ नाही, तेवढाच हिशोब घरी मांड. नंबर पाहिला. गेल्या फेरीत तुझ्या प्रवर्गाची काही खासगी त्याच्या आसपास थांबलीयत. नक्की लागेल असं म्हणणार नाही, पण फॉर्म भर.

तिरकसतारा

हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे.

हिशोबनीस

प्रवेशाच्या दिवशी "आधी पूर्ण भरा, शासनाचं आलं की परत देऊ" म्हणणारे काउंटर असतात. आमच्या ओळखीत झालंय. निर्णयाची प्रत आणि उत्पन्नाचा दाखला हातात ठेव, जे सांगतील ते लेखी माग.

पाटीवरचाडॉक्टर

आणि मुली, नाहीच लागलं तर बीएचएमएसला ये. पण गपचूप नको येऊस.

कॅज्युअल्टी

सर, तुम्ही ऐकणार नाही.

अर्धाचहा

हायलायटर पुसला जात नाहीये, परत प्रिंट काढायला जातेय. झेरॉक्सवाला नऊला बंद करतो. आल्यावर टाकते यादी.