अनुभव धागा : रंग कुठं दिसला, कुठं लागला? (मराठवाडा विशेष)

गोदाकाठ (संभाजीनगर)

मंडळी, फाल्गुन लागला की रंगांवरचे लेख सुरू होतात. लाल म्हणजे प्रेम, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी, असा तक्ताच छापून येतो. सिनेमावालेही तोच गिरवतात: नवरी लाल, विधवा पांढरी, व्हिलन काळा. आपल्याकडचे सणवार बघितले तर यातलं निम्मं टिकत नाही. पैठणला रंगपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी नाथषष्ठी. आदल्या दिवशीची गुलाबी-जांभळी तोंडं कशीबशी घासून लोक कपाळाला काळा बुक्का लावून दर्शनाच्या रांगेत उभे. तिथं काळा अशुभ वगैरे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

तर आपल्या गावातला सण आणि आपण बघितलेला सिनेमा यांत एखाद्या रंगानं वेगळंच काही सांगितलं असेल तर लिहा. तक्ते नकोत. राजकारण आलं तर येऊ द्या, शिव्या नकोत.

जाता जाता एक: पडद्यावरच्या रंगाची हौस आपल्याकडं जुनी. प्रभात फिल्म कंपनीनं १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी जर्मनीपर्यंत धडक मारली, पण रंग काही जमले नाहीत. ‘किसान कन्या’ हा इथंच तयार झालेला पहिला रंगीत बोलपट आला १९३७ ला.

कार्बनकांडी (बीड जिल्हा)

मी तालुक्याच्या टॉकीजात ऑपरेटर होतो. तुमचा लाल-हिरव्याचा वाद आमच्याकडं झालाच नसता, कारण आमच्याकडं सगळंच लाल. का ते सांगतो. ईस्टमनकलरची (रंगीत फिल्मचा एक प्रकार) प्रिंट जुनी झाली की तिच्यातला निळा-हिरवा आधी उडतो, राहतो तो लालसर गुलाबी. पिक्चर आधी मुंबईत चालणार, मग जिल्ह्याच्या गावाला, अन् चार-पाच वर्षांनी रिळं खरवडून निघाल्यावर आमच्याकडं. तोवर आभाळ गुलाबी, झाडं तपकिरी. हिरॉईन हिरवी साडी नेसलीय हे आम्हाला गाण्याच्या बोलावरूनच कळायचं. पोस्टरवर मात्र ‘ईस्टमनकलर’ ही अक्षरं हिरोच्या नावाच्या वरताण.

त्यात उजेड कार्बनचा. दोन कांड्या समोरासमोर, मधी ठिणगी. कांडी जळत जाईल तसं अंतर हातानं जुळवत राहायचं. जरा डुलकी लागली की पडदा पिवळा पडायचा अन् खालून आयमाय सुरू.

होळीचं गाणं लागलं की पब्लिक पडद्यावर गुलाल फेकायचं. मालक खवळायचा, कारण पडदा नुसत्या पांढऱ्या कापडाचा. एका धुळवडीला कुणीतरी ओला रंग मारला. डाव्या कोपऱ्यात डाग पडला तो पडलाच. पुढं रात्रीचा सीन आला की दोन चंद्र दिसायचे, त्यातला एक गुलाबी.

हळदीवाली (वसमत)

आमच्याकडं होळीच्या आगेमागे हळद शिजवायची घाई असते. शिजवा, वाळवा, मग पॉलिशच्या ड्रमात घाला. तो ड्रम फिरायला लागला की पिवळी धूळ पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर, पाण्याच्या घागरीवर. भाकरीसुद्धा पिवळी. असल्या दिवसांत रंग खेळायला वेगळा रंग विकत कशाला आणायचा?

अन् गंमत बघा, हळदीचे हात साबणानं धुतले की लालभडक होतात. लेकरं घाबरतात पहिल्यांदा. साबण नाहीतर चुना, हळदीला क्षार लागला की ती लाल होते. जुन्या बायका हळदीचंच कुंकू करायच्या ते याच गुणावर. सिनेमात पिवळी हळद म्हणजे कुमारिका अन् लाल कुंकू म्हणजे सौभाग्यवती असं दाखवतात, पण माल दोन्हीचा एकाच पोत्यातला.

आता सिनेमे अन् सिरियली बघून हळदीचं ‘फंक्शन’ निघालंय. सगळ्यांनी पिवळं घालायचं, पिवळ्या फुग्यांची कमान, पिवळा गॉगलसुद्धा. पूर्वी हळदीला मुद्दाम जुनेर नेसवायचे, डाग जात नाही म्हणून. परवा भाचीच्या हळदीला महागातला पिवळा घागरा आणला, आणि घागरा खराब होईल म्हणून हळद लावली गालाला बोटभर. हळद पिकवणाऱ्याच्या घरात!

बालाघाटी (अंबाजोगाई)

ताईंच्या चुन्यात भर. पळसाची फुलं रात्रभर भिजवून उकळली की पाणी पिवळं होतं, त्यात चिमूटभर चुना टाकला की केशरी. आमच्या डोंगरात पळस कुणाच्या बापाचा नव्हता, म्हणून हा रंग गरिबाचा. पैसेवाल्यांची पोरं डबीतला चंदेरी ‘सिल्व्हर’ तोंडाला फासायची. तो आठवडाभर जात नसे अन् त्याचाच रुबाब.

आराध्याच्या घरची (तुळजापूर)

नवरात्राच्या नऊ रंगांवर बोलू का? सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी नारिंगी. सरळ वारांवर बसवलेत, उरलेले दोन वरून जोडलेत. पुराणाबिराणाचा संबंध नाही, गेल्या वीसेक वर्षांत वर्तमानपत्रांनी रुजवलेली टूम आहे. माझी आई आराधीण, म्हणजे भवानीची भक्तीण. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर मळवट. साडी असेल ती. ऑफिसला करडी साडी नेसून निघाले तर म्हणाली, “भवानीला उंदरी रंग कवापासून आवडाया लागला?”

पण मी काही आईच्या बाजूनं पूर्ण नाही. आमच्या ऑफिसात साहेबीण, क्लार्क अन् झाडझूड करणाऱ्या मावशी त्या दिवसांत एकाच रंगात फोटोला उभ्या राहतात. एरवी मावशींना फोटोत कोण घेतं?

सिनेमावाल्यांनी मात्र कुंकवाचं वाटोळं केलं. देवीचं देऊळ दिसलं की समजायचं, आता शेवटची मारामारी. ढोल, उडणारं कुंकू, व्हिलनच्या पोटात त्रिशूळ. आमच्याकडं दसऱ्याला पहाटे देवीच्या सीमोल्लंघनाला कुंकू उधळतात तेव्हा राग कुणालाच नसतो. डोळ्यांत जाऊ नये म्हणून पदर तोंडावर, आणि अनवाणी चालत आलेल्यांचे तळपाय फरशीवर लाल.

जुनेर (केज)

पांढऱ्यावर लिहायचं होतं. ‘शोले’मध्ये जया भादुरी लग्नाआधीच्या आठवणीत होळी खेळताना दिसते, रंगात न्हालेली, बडबडी. एरवी पांढऱ्या साडीत, मुकी. आत्या अन् मी व्हिडिओवर बघत होतो. आत्या बाविसाव्या वर्षी रांडपण आलेली. ती म्हणाली, “एवढं पांढरं कोण धुतंय?”

खरंच आहे. आमच्या कुणबी घरांत विधवेला पांढरी साडी कधी नव्हतीच. शेतात राबायचं तर मळखाऊ रंग हवा. आत्या कायम विटकरी नाहीतर जांभळ्या इरकलीत. ब्राह्मणांच्या घरात तर विधवांना आलवण (विधवेनं नेसायचं लुगडं) असायचं, ते लाल! म्हणजे पडद्यावरचा विधवेचा पांढरा आमच्या गल्लीत कुणाचाच नव्हता. गेलं होतं ते हिरवा चुडा अन् कुंकू. संक्रांतीच्या वाणाला तिला कुणी बोलवत नसे, ती आपणहून शेतात निंदायला जायची. धुळवडीला मात्र आम्ही पोरं तिला गाठायचोच. ती शिव्या देत पळायची, पण फार लांब पळायची नाही.

निळाई (संभाजीनगर)

१४ जानेवारी बाकीच्यांना संक्रांत, काळ्या साडीचा दिवस. आमच्या घरात तो दिवस निळा-पांढरा. १९९४ ला त्याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं, त्यामुळं विद्यापीठ गेटवर जायचं. आईची निळ्या काठाची पांढरी साडी त्यासाठीच ठेवलेली. पर्समध्ये तिळगूळ असायचाच, कारण गेटवर शेजारच्या काकूंची मुलगीही भेटायची, काळी साडी नेसून.

तक्ता उलटा केलेला सिनेमा म्हणजे २०१८ चा तमिळ ‘काला’. हिरो रजनीकांत काळ्या कपड्यांत. व्हिलन आपले नाना पाटेकर, कपडे पांढरेशुभ्र, घरही पांढरं. स्वच्छ म्हणजे चांगला, हे कोण ठरवतं, असा सरळ सवाल. शेवटी काळी, लाल, निळी भुकटी उडते. निळी उडाली तेव्हा मागच्या रांगेतून दणक्यात ‘जय भीम’ आला.

हल्लाबोल (नांदेड)

निळा आमच्याकडंही बघा. होळीला गुरुद्वाऱ्यातून हल्लाबोलची मिरवणूक निघते. निहंगांचे (शीख योद्ध्यांचे) निळे चोळे, केसरी निशाण, पुढं घोडे. हिंदी सिनेमात सरदार म्हणलं की विनोद नाहीतर लस्सी. ह्या निळ्याच्या जवळ कॅमेरा फार कमी वेळा गेला.

बांगडीचा गाळा (परभणी)

हिरव्याचं एवढंच सांगतो. सिनेमात हिरवी चादर दिसली की मागं अजान लावून देतात, म्हणजे पब्लिकनं काय ते समजावं. आमच्याकडं फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो. आमचा गाळा असतो. दर्ग्यावर चादर हिरवी, अन् गाळ्यावर लग्नाचा चुडा भरायला आलेल्या पोरीच्या हातात पण हिरवंच. एक डझन घेतला तर दोन वर, ते सगळ्यांना सारखं.

येळवस (उदगीर)

पांढऱ्यात आमची वेळा अमावस्या, शेतातल्या पूजेचा सण, विसरू नका. कडब्याची कोप (खोपी), आत पाच दगडांचे पांडव, त्यांना चुना अन् काव. आमच्याकडं बैलांची शिंगं पोळ्याआधीच, कारहुणवी या बैलांच्या सणाला रंगतात. ते वार्निश चार महिने निघत नाही, बैलाच्या मालकाच्या शर्टावरचं तर वर्षभर.

रिकामी घागर (लातूर)

२०१६ ची होळी. मार्चात टाक्यांवर जमावबंदी, एप्रिलात रेल्वेनं मिरजेहून पाणी आलं. त्या वर्षी पंचमीला गल्लीत कोरडा गुलालसुद्धा कुणी लावू देईना, कारण धुवायला पाणी कुठून? टीव्हीवर मात्र होळीच्या गाण्यांत हौदच्या हौद रंगीत पाणी उसळत होतं. आमच्या म्हाताऱ्यानं चॅनल बदलला.

गोदाकाठ

कार्बनकांडी काका, ‘मुघल-ए-आझम’ लावला होता का तुम्ही?

कार्बनकांडी

लावला की. जुन्या प्रिंटात जवळजवळ सगळा काळा-पांढरा, अन् शीशमहालच्या गाण्याला एकदम रंग. ते रीळ चढवलं की पोरं ओरडायची, ‘कलर आला, कलर आला!’ बाहेर टपरीवर उभे राहिलेले तेवढ्यासाठी आत घुसायचे, डोअरकीपर बी सोडायचा. २००४ ला अख्खा रंगवून काढला, तो मी टीव्हीवर बघितला. नातवाला आवडला. मला गाणं कधी आलं अन् कधी गेलं पत्ताच लागंना.

हळदीवाली ताई, घरची हळद विकायला असली तर कळवा, पाच किलो पायजे. पॉलिश कमी मारलेली द्या.