विषय: क्रीडादिनातील माओरी खेळांबाबत

प्रेषक: समन्वयक, क्रीडा समिती
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत होणाऱ्या आपल्या क्रीडादिनाची आखणी सुरू झाली आहे. धावण्याच्या शर्यती नेहमीप्रमाणेच होतील. आठ वर्षांखालील मुलांसाठी ५० मीटर, त्यापुढच्या मुलांसाठी १०० मीटर, प्रौढांसाठी १०० आणि ४०० मीटर आणि अखेरीस चौघांची रिले असेल. लिंबू-चमचा आणि पोत्यांची शर्यतही आहे.

हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. यंदा दुपारचे दोन तास न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींच्या खेळांना द्यावेत, असे समितीला वाटते. मात्र हे खेळ इथल्या माओरी मंडळींनी आपल्याला शिकवावेत, पंच म्हणून त्यांनीच उभे राहावे आणि मधल्या वेळेतला करमणुकीचा भाग म्हणून ते होऊ नयेत, अशी अट समितीने स्वतःवरच घालून घेतली आहे.

या अटीमागे मागच्या वर्षीचा अनुभव आहे. आपल्या मुलांनी रंगमंचावर हाका हे माओरी समूहनृत्य सादर केले, टाळ्याही भरपूर पडल्या. काहींच्या हनुवटीवर काजळाने मोकोच्या, म्हणजे माओरी गोंदणाच्या रेषा काढल्या होत्या आणि त्या मीच काढल्या होत्या. पाहुण्या म्हणून आलेल्या एक माओरी आजी काही न बोलता उठून गेल्या. नंतर मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की मोको म्हणजे माणसाच्या कुळाची आणि पूर्वजांची ओळख असते, ती कोणी हौसेने रंगवून घेत नाही. आणि जो हाका मुलांनी केला तो न्गाती तोआ या माओरी जमातीचे प्रमुख 'ते राउपराहा' यांचा असून त्यांचे नाव कोणी घेतले नाही, याचे त्यांना वाईट वाटले. 'का माते' या त्याच हाकाचे श्रेय ते राउपराहांना दिले जावे, यासाठी न्यूझीलंडच्या संसदेने २०१४ साली स्वतंत्र कायदा केला आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी त्यांची क्षमा मागितली. यंदा शिकवायला याल का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी विचारलंस, म्हणून येईन."

आपली मते कृपया रविवारपर्यंत कळवावीत.

समन्वयक

* * *

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

समन्वयक ताईंस सविनय नमस्कार.

आपण मागच्या वर्षीची चूक मोकळेपणाने मांडलीत, त्याबद्दल मनापासून आदर वाटला. तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

आपली मुले शाळेत की-ओ-राही हा माओरी चेंडूचा खेळ खेळतातच. खो-खो, लगोरी, लंगडी मात्र त्यांना वर्षातून एकदाच आणि तीही फक्त आपल्या मैदानावर खेळायला मिळते. माझ्या नातवाला खो देताना पाठीला नुसता हात लावून भागत नाही, तोंडाने 'खो' म्हणावेच लागते, हे गेल्या जानेवारीत कळले. आता वर्षभरानंतर तो ते विसरलाही असेल. दिवस एकच आहे, त्यातले दोन तास दिले तर कात्री आपल्याच खेळांना लागणार. शिवाय अपुऱ्या माहितीने पुन्हा काही चुकले, तर त्या आजींना दुसऱ्यांदा दुखावल्यासारखे होईल, याचीही मला काळजी वाटते.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

* * *

प्रेषक: एक सभासद (प्राथमिक शिक्षिका)

काका, सादर नमस्कार.

खो-खोबद्दलची आपली तळमळ माझीही आहे. परंतु हे खेळ आपल्या खेळांची जागा घेतील असे मला वाटत नाही आणि त्याचे कारण सांगण्यासाठी मला डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग लिहावा लागेल.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई वाईहून आल्या होत्या. आमच्या शाळेत आजी-आजोबांसाठी एक दिवस असतो, त्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. वर्गात चटईवर एक माओरी आजी मुलांना कोरुरु शिकवत होत्या. समोर पाच गुळगुळीत खडे होते. त्यांतला एक, ज्याला 'हाय' म्हणतात, तो त्यांनी वर उडवला, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक खडा उचलला आणि पडणारा खडा त्याच मुठीत झेलला. एकेक उचलण्याच्या डावाला 'ताकितहि' म्हणतात, दोन-दोन उचलण्याच्या डावाला 'ताकिरुआ' आणि तीन एकदम उचलायचे तेव्हा 'ताकितोरु'. सासूबाई दोन मिनिटे उभ्या राहिल्या, मग पदर खोचून चटईवर बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. त्यांनी सागरगोटे वाईलाच ठेवले होते, कारण इथल्या विमानतळावर बियांची तपासणी किती कडक असते हे मीच त्यांना बजावले होते. त्यांनी खडे उडवले आणि ते पालथ्या पंजावर झेलले. पुढचा पाऊण तास त्या दोघी खेळत होत्या. एकीला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, दुसरीला मराठीचा एक शब्द कळत नव्हता आणि मला मध्ये काहीच समजावून सांगावे लागले नाही.

पोताका म्हणजे भोवराच, फक्त तो जाळीने सोडत नाहीत, तर हाराकेके या वनस्पतीच्या पात्यांचा चाबूक मारून फिरता ठेवतात. 'ती राकाऊ' या खेळात समोरासमोर गुडघ्यांवर बसून गाण्याच्या ठेक्यावर काठ्या आपटायच्या आणि एकमेकांकडे फेकायच्या असतात. टिपऱ्या खेळलेल्या माणसाला तो ठेका पहिल्यांदा ऐकतानाच हातात जाणवतो.

की-ओ-राहीविषयीही थोडे लिहिते. मैदान गोल असते, त्यात एकात एक अशी वर्तुळे आखलेली असतात. मधोमध 'तुपु' हे लक्ष्य असते आणि बाहेरच्या वर्तुळावर 'पोऊ' म्हणजे खांब. कीओमा संघाने 'की' हा लहान चेंडू हातात घेऊन पोऊंना स्पर्श करत जायचे आणि मग आत शिरून गुण पक्के करायचे, तर तानिव्हा संघाने तोच चेंडू तुपुवर मारायचा. मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो खेळापूर्वीचा 'तातु'. दोन्ही बाजूंनी एकत्र बसून त्या दिवसाचे नियम ठरवायचे असतात, कारण ठिकाणागणिक नियम थोडे बदलतात. आपल्याकडे सहा वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंतची माणसे मैदानात उतरतात. कोणी किती धावायचे आणि अडवायचे कसे, धरून की कमरेची पट्टी ओढून, हे सर्वांसमोर ठरले तर काकांनाही खेळता येईल.

अपुऱ्या माहितीची काळजी रास्त आहे. पण बरेचसे आपल्या अंगवळणी आहे. माणसाला ओलांडून जाऊ नये आणि उशीवर बसू नये, हे आईने आपल्याला सांगितले तसे माओरी आयांनीही त्यांच्या मुलांना सांगितलेले असते. जेवणाच्या टेबलावर बसू नये आणि चेंडू किंवा टोपी त्यावर ठेवू नये, एवढे मुलांना आधी सांगून ठेवावे. जेवणापूर्वी आजी काराकिया म्हणजे प्रार्थना म्हणतील, तेव्हा ताटाला हात न लावता थांबावे.

आपली,
एक सभासद

* * *

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

आपले पत्र दोनदा वाचले.

कोरुरुचा प्रसंग वाचताना मला न्गारुआवाहिया या गावाची आठवण झाली. इथून सुमारे २० किलोमीटरवर, वाइपा नदी वाइकाटो नदीला मिळते तिथे, मार्च महिन्यात नौकांचा मेळावा भरतो आणि त्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी तो पाहायला गेलो होतो. नदीत पाण्याच्या थोडा वर एक आडवा ओंडका बांधला होता आणि वल्हवणाऱ्यांनी भरधाव येऊन वाकाचे, म्हणजे माओरी होडीचे नाक त्या ओंडक्यावर चढवले. होडी अर्धी हवेत, अर्धी पाण्यात अशी अडकली. मग मागचे सगळे जण एकदम पुढे सरकले, वजन पुढे गेले आणि होडी कलंडून पलीकडच्या पाण्यात उतरली. दुसरी होडी ओंडक्यावरच आडवी झाली आणि तिच्यातली सगळी माणसे पाण्यात पडली. काठावरच्या म्हाताऱ्या बायकांनी त्यांची नावे घेऊन त्यांना हाका मारल्या. आमच्या गावी पुरात लाकडे पकडणाऱ्या पोरांना अशाच हाका मारल्या जात. तो दिवस मी इतकी वर्षे मनात ठेवला होता आणि पहिले पत्र लिहिताना मला तो आठवला नाही, याची खंत वाटते.

माझा विरोध मागे घेतो. दोन विनंत्या मात्र आहेत. खो-खो आणि लगोरी सकाळच्या सत्रातच व्हावीत, म्हणजे ती दुपारवर ढकलली जाऊन रद्द होणार नाहीत. आणि प्रौढांची ४०० मीटरची शर्यत दहाच्या आत उरकावी, कारण इथले जानेवारीतले ऊन अंग भाजून काढते.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

* * *

प्रेषक: समन्वयक, क्रीडा समिती

काका, आपल्या दोन्ही विनंत्या समितीने मान्य केल्या आहेत. ४०० मीटर पावणेनऊला, त्यानंतर मुलांच्या शर्यती आणि दहा वाजता खो-खो. खो-खोचे पंच आपणच व्हावे, अशी समितीची इच्छा आहे. लगोरी साडेअकराला, जेवणानंतर दीड वाजता तातु आणि मग की-ओ-राही. त्या वेळी ऊन टाळण्यासाठी कोरुरु, पोताका आणि ती राकाऊ मंडपात होतील. हाका यंदा ठेवलेला नाही. पुढे कधी करायचा झाल्यास त्याविषयी आजींशीच आधी बोलू.

शिकवायला येणाऱ्यांसाठी मंडळातर्फे कोहा, म्हणजे माओरी रीतीची भेट द्यायची आहे. त्यासाठीचे पाकीट खजिनदारांकडे आहे, ज्यांना इच्छा असेल त्यांनी त्यात यथाशक्ती घालावे. मंडपासाठी सहा मोठ्या चटया हव्या आहेत. कोरुरुसाठी खडे कोणीही नदीवरून वेचून आणू नयेत. आजींनी आपले खडे आणते म्हणून सांगितले आहे आणि वाईच्या आजींनी यंदा पुन्हा यावे, असा त्यांचा निरोप आहे.

समन्वयक