अनुभव धागा: नाटकाचं नाहीतर सामन्याचं तिकीट घेताना काय पाहायचं?

दिवाळी सरली की आमच्या पूर्व विदर्भात गावोगावची मंडई म्हणजे जत्रा, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्यांच्यासोबत रातभर नाटकं. त्यात नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटचा सामना लागला की पोरं मोबाइल सोडत नाहीत. जे तिकीट विकतात, फाडतात, काढून देतात त्यांनी लिहा. आपबिती नको, कामाचं सांगा.

नाट्य मंडळाचा कार्यकर्ता, लाखांदूरकडून

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या भागात, नाटक कंपनी बहुतेक वडशाची (गडचिरोली जिल्हा) असते, पण तिकीट विकते गावचं मंडळ. मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देते आणि गल्ला स्वतः सांभाळते. म्हणून कंपनीच्या नावानं व्हॉट्सअॅपवर कोणी आगाऊ तिकीट विकत असेल, तर पॅम्प्लेटवरच्या मंडळाच्या नंबरवर आधी फोन करा.

तिकिटावर नाटकाचं नाव, तारीख, दर, खुर्ची की बिछायत (खाली बसायची जागा), अनुक्रमांक आणि मंडळाचा शिक्का, एवढं पाहिजेच. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पुस्तकातल्या स्थळप्रतीवर पडलेला असला तर उत्तम. रंगीत झेरॉक्स हुबेहूब निघते, पण तो तुटका शिक्का स्थळप्रतीशी जुळतो की नाही ते गेटवर लगेच कळते. विकणाऱ्यांनीही एका दराला एकच रंग ठेवावा आणि कोणतं पुस्तक कोणाकडं दिलं ते वहीत लिहावं. हिशोबाचे निम्मे वाद तिथंच मिटतात.

मोठ्या मंडईत एकाच गावात, एकाच रात्री दोन-तीन मंडप लागतात. एका मंडपाचं तिकीट दुसऱ्यात चालत नाही, आणि मग "पाय ना गा, तिकीट तर हाये" म्हणत लोक गेटवर अडून बसतात. तारीखही नीट पाहा: प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, तिकिटावर मात्र सुरू होण्याच्या दिवसाची तारीख असते. अवकाळी पावसानं खेळ रद्द झाला तर फाडून उरलेला अर्धा तुकडाच पुरावा. तो चुरगाळून फेकू नका.

सेवा केंद्रचालक, वर्धा जिल्हा

सामन्याचं तिकीट काढायला लोक आमच्याकडं येतात. माझी अट एकच: लॉगिन गिऱ्हाइकाच्याच नंबरवरून. दुकानदाराच्या नंबरवर काढलं की तिकीट त्याच्याच मोबाइलमध्ये राहते, आणि तुम्ही गेटवर उभे.

अॅप किंवा वेबसाइट शोधताना सगळ्यात वर 'प्रायोजित' लिहिलेली लिंक दाबू नका. आयोजकाच्या अधिकृत पानावरून जा, पत्त्यातलं अक्षर न् अक्षर वाचा. 'तिकीट' नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप टाकणारी) कोणी पाठवली तर उघडूच नका, ती मोबाइलवरचे ओटीपीचे मेसेज चोरते.

जागा निवडल्यावर काही मिनिटांचीच मुदत असते. रेंज कमजोर असली की यूपीआय अडकते, मुदत संपते, पैसे कापलेले दिसतात आणि तिकीट नाही. घाईनं दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी 'माय बुकिंग' आणि बँकेचा मेसेज पाहा. तिकीट नसेल तर ती रक्कम सहसा काही दिवसांत आपोआप परत येते.

जामठ्याच्या बाबतीत आणखी एक. काही सामन्यांना ऑनलाइन पैसे भरूनही कागदी तिकीट नागपूर शहरात ओळखपत्र दाखवून आधी घ्यावं लागते. मैदान वर्धा रोडवर, खिडकी शहरात. बाहेरगावच्या माणसाचा एक खेटा वाढतो, म्हणून पैसे भरण्याआधी हा नियम वाचा.

गेटवर तिकीट तपासणारा

स्क्रीनशॉट घेऊन येऊ नका. पुष्कळ मोबाइल तिकिटांचा क्यूआर कार्यक्रमाच्या थोडा आधी उघडतो किंवा बदलत राहतो. एकच पीडीएफ पाच जणांना विकलेली असते. पहिला आत जातो, बाकी चौघांना मशीन 'वापरलेलं' दाखवते. तिथं आमच्या हातात काही नसते, भाऊ. गर्दीत नेट चालत नाही, तेव्हा तिकीट घरूनच उघडून डाउनलोड करून ठेवा.

सायबर तक्रारी लिहून देणारा, चंद्रपूर जिल्हा

"मला जमत नाही, दोन तिकिटं देतो, अर्धे आधी टाका" असा समाजमाध्यमावर मेसेज येतो, सोबत आधार कार्डाचा फोटो. तो फोटोही चोरलेलाच असतो. पैसे टाकण्याआधी यूपीआयवर उमटणारं नाव वाचा. विकणारा एक आणि खातं भलत्याचंच असेल तर थांबा. 'पैसे परत घ्यायला स्कॅन करा' हा तर उघड डाव. पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. बारा आकडी यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. जितक्या लवकर सांगाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार पूर्ण करून तिचा क्रमांक लिहून घ्या. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. आणि तक्रारीनंतर "रक्कम सोडवून देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर तोही त्याच धंद्यातला, त्याचा नंबरही तक्रारीत जोडा.