फाँटफोर्ज: मराठी वळणाचा अर्धा ‘ल’ जमत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, माझे वडील पेंटर. तीसेक वर्षं त्यांनी कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता हात थरथरतो, म्हणून ब्रश खाली ठेवलाय. त्यांच्या अक्षरांचा फाँट करतोय, फाँटफोर्ज या फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत पुरा व्हावा अशी फार इच्छा आहे.

त्यांनी कार्डपेपरवर काढून दिलेली अक्षरं स्कॅन करून मागच्या लेयरमध्ये ठेवली. आधी ऑटोट्रेस केलं, म्हणजे बाह्यरेषा सॉफ्टवेअरलाच काढू दिली, तर एकट्या ‘क’ला दीडशेवर बिंदू आले आणि कडा खरबरीत झाल्या. मग सगळं पुसून हाताने गिरवलं, वळण जिथे सर्वांत वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे जातं तिथे एकेक बिंदू देऊन. आता ‘क’ बावीस बिंदूंत बसतो आणि ब्रशचा उतारही टिकतो. शिरोरेषेत फटी पडत होत्या, त्या रेषा दोन्हीकडे 10 युनिट बाहेर काढल्यावर गेल्या.

अडलंय ते ‘ल’पाशी. वडिलांचा ल दोन पाकळ्यांचा, मधल्या देठाने शिरोरेषेला टांगलेला. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो, तो काढला की अर्धा ल तयार. इथे दंडच नाही. मी नाईफ टूलने उजवी पाकळी मध्येच कापली. वडील स्क्रीनजवळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “ह्याचा हात तोडलास की रं.”

शिवाय, फाँटमध्ये दोन्ही वळणं ठेवली आहेत. मूळ जागी, म्हणजे ल च्या 0932 या युनिकोड क्रमांकावर, दंडाचा ल आणि मराठीसाठी ‘एलओसीएल’ (भाषेनुसार अक्षराचं रूप बदलणाऱ्या) फीचरमधून पाकळ्यांचा. भाषा मराठी निवडली की ‘लाल’ बरोबर येतं. पण ‘कोल्हापूर’, ‘कल्याण’, ‘गल्ली’ यांत अर्धा ल न येता पाय मोडलेला आख्खा ल दिसतो. हिंदी निवडलं की जोडाक्षर नीट होतं. काय चुकतंय?

प्रतिसाद:
पाय मोडलेला दिसतो याचं कारण क्रम. ‘एलओसीएल’ सगळ्यांत आधी चालतं, अर्धी अक्षरं देणारं ‘हाफ’ फीचर नंतर. म्हणजे ‘हाफ’ची पाळी येईपर्यंत मूळ ल तिथे उरलेलाच नसतो, त्याच्या जागी तुमचा मराठी ल आलेला असतो. तुमचा नियम मात्र मूळ ल अधिक हलन्त एवढाच असणार. मराठी ल अधिक हलन्त असा वेगळा नियम ‘हाफ’मध्ये घाला आणि त्यातून मराठी अर्धा ल द्या.

आकाराबद्दल वडिलांचं बरोबर आहे. कापू नका. डावी पाकळी आणि देठ जसेच्या तसे ठेवा, उजवी पाकळी मात्र नव्याने काढा: अरुंद, आणि शेवट ब्रश उचलताना होतो तसा तिरका. जमलं तर त्यांच्याकडून ‘ल्ल’, ‘ल्ह’, ‘ल्य’ जोडाक्षरंच लिहून घ्या. सुटा अर्धा ल कुणी पाटीवर लिहीत नाही, त्यामुळे तो एकटा काढताना हात अडतो.

मूळ लेखक:
मनापासून आभार. नियम घातला आणि ‘गल्ली’ लगेच आली. काल रात्री वडिलांनी पेन्सिलने तिन्ही जोडाक्षरं काढून दिली, थरथरत का होईना, पण वळण त्यांचंच. ‘ल्ह’मध्ये पाकळीचं टोक अजून ह ला टेकत नाही. उजवीकडची मोकळी जागा शून्यावर आणून बघतो आणि संध्याकाळी त्यांना दाखवतो.