पासष्ट लाखांत जुनी स्पोर्ट्स कार: केमन, एम टू की एफ-टाइप?

पेट्रोलगंध
पुण्यात राहतो. रोजच्या धबडग्याला घरात क्रेटा आहे आणि ती राहणारच. आता एक गाडी निव्वळ चालवण्याच्या हौसेसाठी घ्यायची आहे. बजेट पासष्ट लाख, त्यात कर, विमा, पहिली सर्व्हिस सगळं आलं. या पैशात हव्या त्या वर्गातली नवी गाडी मिळत नाही, म्हणून जुनी.

तीन गाड्यांवर गाडं अडलंय. २०१७ ची पोर्श ७१८ केमन: दोन लिटर, चार सिलिंडर टर्बो, ३०० अश्वशक्ती, इंजिन सीटच्या मागे, म्हणजे गाडीच्या मधोमध. २०१९ ची बीएमडब्ल्यू एम टू कॉम्पिटिशन: तीन लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो, ४१० अश्वशक्ती. आणि २०१८ ची जॅग्वार एफ-टाइप, तीही दोन लिटर ३०० अश्वशक्तीची. केमन दिल्ली पासिंगची आहे, त्यामुळे तिघींत सगळ्यात स्वस्त पडतेय.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं. हौसेसाठीच घ्यायची तर इंजिन मधोमध असलेलीच घ्यावी. वळणात नाक ज्या सहजतेनं आत वळतं ते बाकी दोघींना जमत नाही. ताम्हिणीत ४१० अश्वशक्ती वापरायला जागा तरी कुठे आहे? खोडून काढा.

सहा_सिलिंडर
खोडतो. पोर्शनं २०१६ मध्ये केमनमधलं सहा सिलिंडरचं इंजिन काढून हे चार सिलिंडरवालं बसवलं आणि जगभर ओरड झाली. आवाज ऐकलाय का? शेवटी २०१९-२० मध्ये कंपनीनंच त्याच गाडीच्या जीटीफोर आणि जीटीएस या आवृत्त्यांमध्ये चार लिटरचं सहा सिलिंडर परत आणलं. कंपनीलाच जे राहवलं नाही ते तुम्ही आठ वर्षं जुनं का घेताय?

एम टूला मागे दोन सीट आहेत, बऱ्यापैकी डिकी आहे. घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला जाता येईल. केमनमध्ये घरच्यांपैकी एकालाच न्याल, आणि उरलेल्यांची तोंडं आठवडाभर बघाल.

स्पॅनर_आणि_ग्रीस
दोघंही इंजिनावर भांडताय. माझं काम गाड्या उघडण्याचं, त्यामुळे मला वेगळं दिसतं. ऐंशी-नव्वद लाखांची गाडी साठला मिळाली तरी तिचे सुटे भाग ऐंशी-नव्वद लाखांच्या गाडीच्याच भावानं येतात. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, चार टायर, सस्पेन्शनचे बुश हे एकदम निघालं की लोक गाडी परत विकायला काढतात. अशीच विकायला काढलेली गाडी तुम्ही बघताय का, हा खरा प्रश्न.

प्रत्येकीचं दुखणंही वेगळं. एम टूमधल्या एस५५ इंजिनाचा क्रँक हब (क्रँकशाफ्टच्या टोकाचा, टायमिंगची साखळी फिरवणारा भाग) घसरतो अशी चर्चा जगभर आहे. साध्या, न छेडलेल्या गाडीत हे क्वचित होतं, पण कुणी ट्यून चढवून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, ताकद वाढवली असेल तर धोका वाढतो. आणि आपल्याकडे एम घेणारा ट्यून चढवतोच. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकून देतो. केमनचं चार सिलिंडर तुलनेनं निर्धास्त, आवाजाबद्दल सहा_सिलिंडर यांच्याशी सहमत. एफ-टाइप दिसायला तिघींत देखणी, पण २०२४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पुढं भाग मिळतील, वाट बघत बसावं लागेल.

एक गोष्ट सगळ्यांना. बारा हजार किलोमीटर चाललेली आठ वर्षांची गाडी बघून हुरळू नका. उभ्या गाडीचे सील सुकतात, बॅटरी मरते, टायर दगडासारखे होतात. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२२१७’ असेल तर ते टायर २०१७ चे. नक्षी नवी कोरी दिसली तरी समृद्धीच्या काँक्रीटवर १२० नं जाताना ते फुटू शकतात. आता तर पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते पाणी ओढून घेतं. महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीला ते मानवत नाही. मी पन्नास हजार चाललेली, दर वर्षी बिलं असलेली गाडी डोळे झाकून पसंत करीन.

पासिंगवाले_काका
दिल्लीच्या केमनबद्दल लिहितो, बाकी तुम्ही तज्ज्ञ मंडळी बघून घ्या.

ती स्वस्त का आहे याचा विचार केलात का? दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा ठरली, तेव्हापासून तिथं जुन्या गाडीचा भाव लवकर पडतो. पण ती पुण्यात आणून बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथं नोंदणी करावीच लागते. त्यासाठी दिल्लीची ना हरकत, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, थकलेली चलनं भरलेली, आणि मग महाराष्ट्राचा एकरकमी कर. आयात केलेल्या गाडीला इथं तो २० टक्के आहे. गाडीच्या वयाप्रमाणे रक्कम कमी होते, तरी लाखांतच जाते. दिल्लीत आधी भरलेल्यातला उरलेला कर परत मागता येतो, पण त्याच्या भरवशावर बजेट मांडू नका.

कर वाचवायला ‘पुद्दुचेरीचं पासिंग आहे, चालतंय की’ असं सांगणारे भेटतील. अडवलं की तेच फोन उचलत नाहीत. आणि गाडी भारतात अधिकृत विक्रेत्यानं विकलेली आहे ना, हे चॅसी नंबर देऊन विचारून घ्या. परदेशी राजदूतांच्या नावावर सवलतीत आणून इथं विकलेल्या गाड्या महसूल गुप्तचर संचालनालयानं २०२१ मध्ये पकडल्या होत्या. गाडी जप्त झाली तर तुमचे पैसे कुणाकडे मागणार?

मी_आपला_वॅगनआर
मला एक कळत नाही, ही गाडी चालवणार कुठे? द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा, घाटात ६०, आणि वर कॅमेरे. सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक पार करताना चारजण खाली वाकून बघणार.

पासष्ट लाख घालवायचेच असतील तर २०२५ मध्ये आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय घ्या. आली तेव्हा शोरूमचा भाव त्रेपन्न लाखांच्या आसपास, २६५ अश्वशक्ती, पाच माणसं, नव्या गाडीची वॉरंटी. कुणाचा क्रँक हब घसरला याची रात्री झोपताना काळजी नाही.

पेट्रोलगंध
@मी_आपला_वॅगनआर, गोल्फ चालवून बघितली. उत्तम गाडी आहे. पण पुढची चाकं ओढतात आणि तीच वळवतातही. मला मागून ढकलणारी हवीय. दोन बोटांचं अंतर नाही हे, वेगळी गोष्टच आहे. आणि वेगासाठी घेतोय असं मी कुठंही म्हटलेलं नाही. पहाटे वरंध्यात साठच्या वेगातही केमनला जी मजा आहे ती...

मी_आपला_वॅगनआर
साठच्या वेगात मजा माझ्या वॅगनआरलाही येते. फुकट. (हलके घ्या.)

सहा_सिलिंडर
वॅगनआरवाले, तुमचं गणित बरोबर आहे, पण मग हा धागाच नको. घड्याळ म्हणून मोबाईल पुरतो, तरी लोक मनगटी घड्याळं घेतातच ना.

जुनी_नऊशेअकरा
तिघींनाही सोडा आणि २००९ नंतरची पोर्श ९११ घ्या असं सुचवतो. त्याआधीच्या इंजिनांतल्या आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते तुटलं की इंजिनच जातं) भीती तिच्यात नाही, कारण नव्या रचनेत ते बेअरिंगच नाही. सहा सिलिंडर, मागे मुलांपुरत्या दोन सीट, आणि किंमत पडायची तेवढी पडून झालीय. केमनचं वळणं आणि एम टूच्या सीट एकाच गाडीत.

पासिंगवाले_काका
आणि २०१० ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं झाली. नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, विमा कंपनीनं कापलेली किंमत. मागचा बंपर गेला तर हातात किती पडतील ते आधी विचारून या.

स्पॅनर_आणि_ग्रीस
काकांचं विम्याचं खरं आहे, पण गाडी म्हणून सूचना वाईट नाही. फक्त सिलिंडरच्या आत कॅमेरा घालून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. मालक ‘एवढं कशाला उघडताय’ म्हणाला तर चहा पिऊन निघा.

पेट्रोलगंध
ठरलं ते सांगतो. दिल्लीची केमन बाद, काकांचा हिशोब मांडला तर ती स्वस्त राहतच नाही. ९११ मोहात पाडतेय, पण पंधरा वर्षांची भानगड घरी समजावून सांगता येणार नाही. मुंबईत महाराष्ट्र पासिंगची, एकाच मालकाची एम टू आहे, छत्तीस हजार चाललेली. शनिवारी स्पॅनर यांना घेऊन जातोय. ट्यूनची खूण सापडली तर परत, आणि मग इथल्याच पासिंगची केमन येईपर्यंत थांबेन. मधल्या इंजिनाबद्दलचं मत बदललेलं नाही.

सहा_सिलिंडर
शनिवारी सुरू करताना बॉनेट उघडं ठेवा आणि गार इंजिनावर सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा.